मांडीवरचा चट्टा : बायोप्सीत जंतू नाहीत, तरी टीबीची औषधं? मदत हवी आहे

वडील साठीचे, शेती करतात. मांडीवर दोनेक वर्षांपासून चट्टा आहे. आधी सुपारीएवढा होता, आता तळहाताएवढा झालाय. खाज नाही, दुखत नाही, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. गावात गजकर्ण म्हणून मलमं दिली, काडीचा फरक नाही. मधला भाग आपोआप बरा होऊन तिथे पातळ, पांढुरका व्रण राहिलाय. एका बाजूची कड मात्र तांबूस, जाड, खपली धरलेली, आणि ती पुढे सरकतेय. चट्ट्यावर स्पर्श, गरम-गार नीट कळतं.

त्वचारोगतज्ज्ञांनी कडेचा तुकडा काढून बायोप्सी केली. ग्रॅन्युलोमा (जुनाट दाहात जमणाऱ्या पेशींच्या गाठी) आहे, पण टीबीचे जंतू दिसले नाहीत. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) हीसुद्धा निगेटिव्ह. मॉन्टू (टीबीसाठीची त्वचेची चाचणी) १८ मिमी, म्हणजे पॉझिटिव्ह. एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही. डॉक्टर म्हणतात, ल्युपस व्हल्गॅरिस, म्हणजे त्वचेचा टीबी. सहा महिने औषधं घ्या. जंतूच सापडले नाहीत तर एवढी कडक औषधं कशाच्या भरवशावर द्यायची? आईने धास्तीने त्यांचं ताट वेगळं केलंय, नातवंडांना जवळ जाऊ देत नाही. कृपया कुणी जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद :

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण तुमची शंका बरोबर जागी आहे. या प्रकारात त्वचेत जंतू फारच थोडे असतात, त्यामुळे दोन्ही तपासण्या निगेटिव्ह येणं नेहमीचंच. मधे व्रण आणि कडेने वाढ, हे वर्णन बायोप्सीशी जुळतं. नुसत्या मॉन्टूवर मात्र विसंबू नका. बीसीजीची लस आणि जुना संसर्ग यांमुळे आपल्याकडे ती पुष्कळांची पॉझिटिव्ह येते.

बायोप्सीचा तुकडा टीबी आणि बुरशी, दोन्हींच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) पाठवला होता का, हे जरूर विचारा. टीबीच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात. संवेदना शाबूत आहे, म्हणजे कुष्ठरोगाची शक्यता कमी. तरी नसा तपासून घ्या. औषधं सुरू केल्यावर महिना-दीड महिन्यात कड चपटी व्हायला लागते. तसं झालं तर निदानाला दुजोराच मिळतो, नाही झालं तर पुन्हा बायोप्सी. सुरू करण्याआधी लिव्हरची तपासणी करा.

फुप्फुसं स्वच्छ असतील तर ताटातून किंवा जवळ बसल्याने हा पसरत नाही. आईंना आजच सांगा, ताट पुन्हा पंगतीत घ्या. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करा, उपचार चालू असेपर्यंत पोषण आहाराचे महिना १००० रुपये खात्यात येतात.