मदत हवी आहे: एकाच मजकुरातून छापील पुस्तिका आणि वेबपानं, पण पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात

शेतीपंपाच्या कंट्रोलरची ६४ पानी ए-५ मराठी पुस्तिका छापायची आहे. तोच मजकूर मोबाइलवरही वाचता यायला हवा. मूळ मजकूर आस्कीडॉकमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायच्या पद्धतीत) आहे. वेबपानं नीट दिसतात, पण आस्कीडॉक्टर पीडीएफ या साधनातून काढलेल्या प्रतीत जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते. 'नोटो' आणि 'मुक्त' या नावांचे दोन्ही फाँट लावून पाहिले. शिवाय 'पान ३७ पाहा' असे बरेच उल्लेख आहेत, त्यांचं वेबवर काय करायचं? दोन वेगळ्या प्रती ठेवायच्या नाहीत. व्होल्टेजचा आकडा एकीकडे सुधारला आणि दुसरीकडे राहिला तर शेतकऱ्याची मोटर जळेल.

प्रतिसाद १
फाँटचा दोष नाही. आस्कीडॉक्टर पीडीएफ ज्या प्रॉन लायब्ररीवर चालतं, ती देवनागरीची अक्षरजुळणी करतच नाही. आधी एचटीएमएल काढा आणि त्यावरून वीझीप्रिंट या साधनाने पीडीएफ करा. ते पँगो आणि हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररी वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं बरोबर येतात.

यात एक मेख आहे. 'बॅकएंड (आउटपुटचा प्रकार) पीडीएफ असेल तर' अशा अटी मजकुरात असतील तर त्या आता चालणार नाहीत, कारण दोन्ही वेळा बॅकएंड एचटीएमएलच राहतो. पुस्तिकेसाठी स्वतःचं वेगळं ॲट्रिब्यूट (नाव दिलेलं मूल्य) ठरवा, ते फक्त छपाईच्या बिल्डला (फाइल तयार करताना) कमांडमधून द्या आणि अटी त्यावर लावा. शक्यतो अख्ख्या परिच्छेदाला लावा. वाक्य मध्येच तोडलं की एका प्रतीत व्याकरण बिघडतं आणि मुद्रितशोधनात ते निसटतं.

पानाचा आकडा हाताने लिहूच नका. विभागाला आयडी द्या, उल्लेखाच्या जागी एक्सरेफ (त्या आयडीकडे नेणारा दुवा) ठेवा. छपाईच्या सीएसएसमध्ये (मांडणीच्या नियमांत) टार्गेट-काउंटर लावला की दुव्यापुढे पान क्रमांक आपोआप येतो, वेबवर नुसता दुवा राहतो. व्होल्टेज, फ्यूज यांचे आकडे एकाच फाइलमध्ये ॲट्रिब्यूट म्हणून ठेवा.

प्रतिसाद २
वायरिंगच्या आकृत्या एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइल-प्रकारात ठेवा, पण त्यांत मराठी शब्द नकोत. इमेज टॅगमधून आलेल्या एसव्हीजीला पानाचा वेबफाँट मिळत नाही. आकृतीत १, २, ३ असे आकडे टाका आणि नावं खाली मजकुरात द्या. फोटो १०५ मिमी रुंद छापायचा तर ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १,२४० पिक्सेल लागतात. वेबची लहान प्रत त्यावरूनच काढा.

'दुसऱ्या'मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) जोडून. दिसायला दोन्ही सारखे, पण वेबवरच्या शोधात एक सापडतो, दुसरा नाही. बिल्डच्या आधी स्क्रिप्टने सगळे एकसारखे करून घ्या.