शब्दचर्चा : मॉरिशसचा झेंडा आणि ‘कोट ऑफ आर्म्स’साठी मराठी शब्द

निळीशाई
मॉरिशसमध्ये शाळांतून मराठी शिकवली जाते. तिथल्या मुलांसाठी त्यांच्या देशाच्या झेंड्याचे आणि ‘कोट ऑफ आर्म्स’चे, म्हणजे ढालीवर रचलेल्या देशाच्या अधिकृत चिन्हाचे, मराठी वर्णन तयार करायचे आहे. राजमुद्रा, बोधचिन्ह, मानचिन्ह, कुलचिन्ह यांपैकी कोणता शब्द घ्यावा? ढालीवरच्या गोष्टींना आणि शेजारच्या प्राण्यांना काय म्हणावे? झेंड्याच्या भागांची नावेही हवी आहेत.

बोरूबहाद्दर
‘राजमुद्रा’ नको. मुद्रा म्हणजे शिक्का, कागदावर उमटणारा ठसा. वर्तमानपत्रे अशोकस्तंभाच्या शीर्षाला राजमुद्रा म्हणतात, ते आता रुळले आहे, पण ढालीवर रचलेल्या चिन्हाला तो शब्द बसत नाही. ‘बोधचिन्ह’ संस्थांचे आणि स्पर्धांचे, ‘मानचिन्ह’ सत्कारात देतात ते, ‘कुलचिन्ह’ घराण्याचे. देशासाठी ‘राजचिन्ह’ घ्या आणि त्यातल्या मधल्या भागाला सरळ ‘ढाल’ म्हणा. मॉरिशसच्या राजचिन्हाला ढाल आहे, दोन प्राणी आहेत, खाली ब्रीदवाक्याची पट्टी आहे. वर शिरस्त्राण किंवा तुरा नाही, त्यामुळे त्या शब्दांची गरजच पडत नाही.

एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. राजचिन्हात शब्दांतले वर्णन मूळ असते, चित्र हे त्याचे एक रेखाटन. २५ ऑगस्ट १९०६ रोजी हे चिन्ह मिळाले तेही शब्दांतच. म्हणून मराठी वर्णन असे हवे की मूळ चित्र न पाहता चित्रकाराला ते काढता यावे. माझ्या मते शब्द निवडण्याची खरी कसोटी हीच.

डोलकाठी
त्या कसोटीवर ढालीचे चार चौकोन घेऊ. (डावे-उजवे आधी पाहणाऱ्याचे धरतो.)

वर डावीकडे निळ्यावर सोनेरी जहाज. मूळ शब्द एका डोलकाठीच्या, वल्ही असलेल्या जहाजाचा आहे. ‘जहाज’ म्हटले की चित्रकार तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज काढतो आणि वल्ही विसरतो. ‘एका डोलकाठीचे वल्ह्यांचे गलबत’ असे लिहा.

वर उजवीकडे सोनेरीवर तीन हिरवी झाडे. इथे मराठीची अडचण होते. आपल्याकडे माड, ताड, पोफळ, शिंदी असे वेगवेगळे शब्द आहेत, सगळ्या जातीला एक रोजचा शब्द नाही. मूळ वर्णनात झाडाची जात सांगितलेली नाही. ‘माड’ लिहिले की नारळ लटकलेले दिसणार. ‘ताडवर्गातली तीन झाडे’ ठीक. पुढे ‘मुळांसकट’ हा शब्द गाळू नका, कारण झाडे जमिनीतून उगवलेली नाहीत, मुळे उघडी दिसतात.

खाली डावीकडे सोनेरीवर लाल किल्ली, उभी, दात खाली. खाली उजवीकडे निळ्यावर तळातून वर निमुळती होत गेलेली पांढरी पाचर आणि तिच्या माथ्यावर पांढरी चांदणी. ‘त्रिकोण’ असे लिहिलेले दिसते, पण त्याने टोक कुठे ते कळत नाही. ‘पाचर’ नेमका आहे.

निळीशाई
सोनेरी की पिवळा? रुपेरी की पांढरा? छपाईत तर पिवळा आणि पांढराच येतो.

बोरूबहाद्दर
छापा पिवळा, वर्णनात लिहा सोनेरी. राजचिन्हांच्या शास्त्रात सोने आणि चांदी हे धातू, लाल, निळा, हिरवा हे रंग. धातूवर धातू आणि रंगावर रंग ठेवायचा नाही असा नियम आहे, कारण लांबून दिसले पाहिजे. ही ढाल तो नियम पाळते : निळ्यावर सोनेरी, सोनेरीवर हिरवा, सोनेरीवर लाल, निळ्यावर रुपेरी. ‘पिवळा, पांढरा’ लिहिले तर मुलांना हा नियम दिसणारच नाही. चांदणीही ‘रुपेरी’च.

चैत्रपालवी
डावे-उजवे इथे सगळेच चुकतात. मूळ वर्णनातले ‘उजवे’ म्हणजे ढाल धरणाऱ्याचे उजवे, म्हणजे आपले डावे. ढालीशेजारचा डोडो (मॉरिशसचा नामशेष झालेला पक्षी) उजवीकडे असे भाषांतर केले तर चित्रात तो भलतीकडे जातो. ‘ढाल धरणाऱ्याच्या उजव्या हाताला डोडो, डाव्या हाताला सांबर’ असे एकदा स्पष्ट लिहावे.

‘सांबर’ शब्द मूळ वर्णनातच आहे, म्हणून ठेवायचा. मात्र टिपेत सांगावे की मॉरिशसचे हे हरीण जावाहून डचांनी १६३९ मध्ये आणले, ते सह्याद्रीतले सांबर नव्हे.

दोन्ही प्राणी लाल-रुपेरी आहेत आणि दुभागणारी तिरकी रेघ दातेरी आहे. ‘दातेरी’ म्हटले की करवतीसारखे टोकदार दात येतात. मूळ आकार चौकोनी आहे, किल्ल्याच्या तटावर असतो तसा. त्याला मराठीत ‘चर्या’ हा अस्सल शब्द आहे : ‘चर्यांच्या तिरक्या रेघेने दुभागलेला’. डोडो वर लाल, खाली रुपेरी, सांबर त्याच्या उलट. प्रत्येकाजवळ उसाचे उभे कांडे आहे.

डोलकाठी
लॅटिन ब्रीदवाक्य : ‘स्टेला क्लाविस्क्वे मारिस इंडिसी’. शेवटचा ‘क्वे’ म्हणजे संस्कृतातला ‘च’, मागून चिकटणारा. अर्थ ‘हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली’. ढालीत ‘चांदणी’ आणि ब्रीदात ‘तारा’ असे चालेल, चित्रातल्या आकाराला आपण चांदणी म्हणतोच.

निळीशाई
आता झेंडा. ‘बावटा’ वापरावा का?

डोलकाठी
राष्ट्रध्वजाला ‘झेंडा’ किंवा ‘ध्वज’. मॉरिशसच्या व्यापारी जहाजांना वेगळे निशाण आहे, लाल जमिनीवर कोपऱ्यात राष्ट्रध्वज. त्याला ‘लाल बावटा’ म्हणू नका, मराठीत त्याचा अर्थ कामगार चळवळीकडे जातो. ‘लाल जहाजी निशाण’ म्हणा.

चैत्रपालवी
राष्ट्रध्वज १२ मार्च १९६८ चा, स्वातंत्र्याच्या दिवशीचा. चार सारखे आडवे पट्टे, वरून लाल, निळा, पिवळा, हिरवा. उंची-लांबी २:३. दोरीची बाजू ‘काठीकडची’, दुसरी ‘फडकती’, दोरी ओवायची घडी म्हणजे ‘नेफा’.

मुलांना शिवायला लावणार असाल तर ‘माया’ (शिवणीसाठी कडेला सोडलेले जादा कापड) हा शब्द शिकवा. ६० × ९० सेंमी झेंड्यात पट्टा १५ सेंमीचा दिसतो. शिवणीला दीड सेंमी माया धरली तर निळा आणि पिवळा १८ सेंमीचे कापायचे. लाल आणि हिरव्याला बाहेरची दोन सेंमी दुमड, म्हणून १८.५. सगळे १५ चेच कापले तर तयार उंची ४७ सेंमीवर येते. फडकती बाजू आधी विरते, तिथे दुमडीवर तीन-चार ओळी शिलाई घाला. नेफ्यावर लाल बाजूला ‘वर’ असे आतून लिहून ठेवा, घाईत हिरवा वर जातो.

बोरूबहाद्दर
रंगांचे अर्थ देताना लाल स्वातंत्र्यलढ्याचा, निळा हिंदी महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या प्रकाशाचा, हिरवा शेतीचा, एवढेच द्या. आणि ‘पिवळा’च लिहा. सोनेरीचा नियम ढालीपुरता.