शाळा-कॉलेजचा खर्च: कुठे वाचवला आणि कुठे वाचवायला नको होता?

डिचोली, दोन मुलांची आई

मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या आणि आमचा खनिज वाहणारा टिप्पर दारात उभा राहिला. बँकेचे हप्ते चालूच होते. थोरला तेव्हा दहावीत. निकाल लागल्यावर जो तो सांगू लागला, सायन्सला घाला, इंजिनिअर होईल. अकरावी-बारावीच्या क्लासची चौकशी केली तर दोन वर्षांचे १ लाख ४० हजार सांगितले. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाने मये इथल्या सरकारी पॉलिटेक्निकचं सुचवलं. मला ते कमीपणाचं वाटलं होतं, हे खरं सांगते. पण त्याने कागदावर आकडे मांडून दाखवले. बारावी करून इंजिनिअरिंग म्हणजे २ अधिक ४, सहा वर्षं. दहावीनंतर डिप्लोमा ३ वर्षं, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश आणि पुढची ३, म्हणजे तीही सहाच वर्षं. मधल्या काळात क्लासचा एक पैसा नाही. आणि तिसऱ्या वर्षाअखेर हातात नोकरीला चालणारा डिप्लोमा असतो, घर अडचणीत असलं तर पोरगा तिथून कामाला लागू शकतो. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मात्र मोजक्या, त्यामुळे डिप्लोम्यात मार्क टिकवावे लागतात. थोरल्याने ते टिकवले. २०२४ मध्ये पदवी झाली, आता वेर्ण्याला नोकरीला आहे.

आता धाकटी नववीत आहे, म्हणून हा धागा काढला. तुम्ही काय केलंत ते लिहा. फसलेलंही लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

फोंडा, वडील, किराणा दुकान

आमचं अगदी लहानसं आहे, पण लिहितो. वर्ष संपलं की मी दोन्ही मुलांच्या वह्या घेऊन बसतो. कोरी पानं काढायची, आकाराप्रमाणे लावायची, दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायची. वर साखरेच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर खळीने चिकटवलेलं जुन्या कॅलेंडरचं पान. दरवर्षी सात-आठ वह्या निघतात. गणिताचं कच्चं काम सगळं त्यांत. मुलगी आता अकरावीला आहे आणि यंदा तिने स्वतःच दाभण मागून घेतलं.

गाईड मात्र विकत घेणं बंद केलं. वरच्या वर्गातल्या मुलाकडून पुस्तकं घ्यायची, आपली खालच्याला द्यायची. आमच्या वाड्यावर अशी पाच घरं आहेत. अभ्यासक्रम बदलला आहे का, तेवढं आधी शाळेत विचारून घ्यावं.

केपे, वडील

आम्ही वेळीप या आदिवासी समाजाचे. माझी शेती आणि थोडी काजूची बाग, बाकी काही नाही. मोठ्या मुलाला पाचवीत असताना त्याच्या टीचरने नवोदयच्या परीक्षेला बसवलं. काणकोणच्या जवाहर नवोदयात सहावीला लागला. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं. पंचाहत्तर टक्के जागा गावातल्या मुलांसाठी असतात, हे आम्हाला फॉर्म भरेपर्यंत माहीत नव्हतं. त्याची आई पहिले दोन महिने रोज संध्याकाळी रडायची. अकरा वर्षांचं पोर घरातून पाठवायचं म्हणजे तोही खर्चच, तो पैशांत मोजता येत नाही.

मुलीला पाठवलं नाही. ती गावच्या अनुदानित हायस्कुलात शिकली आणि आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवं. नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार, चार वर्षांचे ४८ हजार. दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. आम्ही दहावीच्या गडबडीत विसरणारच होतो, मुख्याध्यापकांनी माणूस पाठवून बोलावून घेतलं. पुढे कॉलेजला आदिवासी कल्याण खात्याच्या शिष्यवृत्तीचा आधार झाला. आमच्या लोकांपैकी अजून पुष्कळ जण जातीचा दाखला वेळेत काढत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

म्हापसा, आई

फसलेलं मी लिहिते. एकरकमी भरलं तर पंधरा टक्के सूट, म्हणून मुलाच्या दोन वर्षांच्या क्लासची फी एकदम भरली. त्यासाठी सोन्याची साखळी गहाण ठेवली. आठ महिन्यांनी शिकवणारे दोघे चांगले सर सोडून गेले, त्यांच्या जागी दर महिन्याला नवीन माणूस. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं. सूट वाचवायला गेले आणि सगळंच घालवून बसले. आता धाकट्याच्या ट्यूशनला महिन्याच्या महिन्याला पैसे देते, थोडे जास्त गेले तरी.

सत्तरी, सरकारी प्राथमिक शाळेतली शिक्षिका

माझ्या शाळेत यंदा चौदा मुलं आहेत. पुस्तकं, गणवेश, रेनकोट, माध्यान्ह आहार यांचा आईबापांवर भार नाही. तरी समोरच्या घरातलं मूल सकाळी सातला व्हॅनने लांबच्या इंग्रजी शाळेत जातं आणि त्याचे वडील मला रस्त्यात भेटून व्हॅनचं भाडं परवडत नाही म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना वाटतं, पोराचं पुढे अडेल. पण मी स्वतः मराठी प्राथमिक शाळेत शिकले, पाचवीपासून इंग्रजीत गेले, आणि माझी दोन्ही मुलं माझ्याच शाळेत शिकली. पहिल्या चार वर्षांचा वाचलेला पैसा मी मुलीच्या नावे सुकन्या समृद्धीत टाकला. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडावं लागतं, पंधरा वर्षं भरायचं, आणि ती अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी शिलकेतली निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ते पैसे बीएस्सीला बरोबर वेळेवर हाती आले.

शाळा निवडताना अनुदानित हायस्कुलाला बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी बस, आहे का ते जरूर विचारा. महिन्याचं व्हॅनभाडं वाचणं म्हणजे थोडं नव्हे.

पणजी, बँकेतून निवृत्त

कर्जाबद्दल लिहितो, कारण काउंटरच्या आतल्या बाजूने मी पुष्कळ बापांचे चेहरे पाहिले आहेत.

गोव्यातल्यांनी बँकेत येण्याआधी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. अटी आहेत, पण बिनव्याजी ते बिनव्याजी. त्याला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. प्रवेशाच्या दिवसांत मामलेदार कचेरीत तीच गर्दी असते, म्हणून बारावीची परीक्षा संपली की लगेच त्याच्या मागे लागा.

बँकेचं कर्ज घेतलंच, तर शिकत असताना निदान व्याज भरत राहा. समजा दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख उचलले, चार वर्षं. दर १० टक्के धरा. पहिल्या वर्षी व्याज १० हजार, मग २०, ३०, ४०. कोर्स संपताना ४ लाखांवर १ लाख व्याज उभं असतं, आणि हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवलं की त्यावर पुन्हा व्याज. पहिल्या वर्षी महिन्याला साधारण साडेआठशे रुपये कुणालाही जमण्यासारखे असतात. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला एक टक्का सवलतही देतात, पण ती मागावी लागते. साडेसात लाखांपर्यंत तारण मागू नये असा नियम आहे, हेही लक्षात असू द्या.

आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल तर दोन मुलांची शिकवणी फी उत्पन्नातून वजा करता येते. शाळेची शिकवणी फी, क्लासची नव्हे. देणगी, बसभाडं त्यात येत नाही, म्हणून पावतीवर शिकवणी फी वेगळी लिहून घ्या.

डिचोली, धागा काढणारी

सर, रहिवासाच्या दाखल्यासाठी आम्हाला शाळेचं प्रमाणपत्रही मागितलं होतं. थोरल्याच्या वेळी ते सापडेना म्हणून दोन चकरा झाल्या. आता एक निळी फाइल केली आहे. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, बँकेचं पासबुक, फोटो, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. गणेश चवथीला माळ्यावरचं माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीचं, सामान काढते तेव्हा त्या फाइलवरही हात फिरवते.

दिवाडी, दोन मुलींचे वडील

आमच्या मुली फेरीबोटीने पलीकडे जातात, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. कॉलेज सुटलं की पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसतात. तिथे पंखा, शांतता, संदर्भाची पुस्तकं, सगळं आहे. स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं आम्ही विकत घेतलीच नाहीत.

पेडणे, विद्यार्थिनी, वय २०

मी पालक नाही, पण मला लिहावंसं वाटलं. मी पेडण्याच्याच सरकारी कॉलेजात शिकते. पुण्याला जायचं होतं. बाबांनी खोलीभाडं, मेस, येण्याजाण्याचं भाडं माझ्याच हाताने लिहायला लावलं आणि म्हणाले, तू ठरव. बेरीज करून मीच नको म्हटलं. आता चार वर्षांची पदवी आहे, तीन वर्षांवर थांबताही येतं. ते चौथं वर्ष करायचं की त्या पैशांत बाहेर जाऊन पुढचं शिकायचं, हे आम्ही तिघं मिळून ठरवणार आहोत. मला सगळे आकडे माहीत आहेत, त्यामुळे मन खट्टू होत नाही.

पण आठवी-नववीत मला कुणी काही सांगत नसे. आई-बाबा रात्री हलक्या आवाजात पैशांचं बोलायचे आणि मला पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. तेव्हा मला फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं. मी शेजारच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. चष्म्याला पैसे पडतील म्हणून वर्षभर घरी बोललेच नाही. गणितात ३८ मार्क आले तेव्हा बाबा मला ट्यूशन लावायला घेऊन गेले. तिथल्या टीचरने पहिल्याच दिवशी विचारलं, बाय, तू डोळे असे बारीक का करतेस? बाबा तिथेच पायरीवर बसले. त्याच संध्याकाळी आम्ही म्हापशाला चष्म्याच्या दुकानात गेलो.