मदत हवी आहे: ८५ वरून १०० वर, आता प्रत्येक फोरहँड बेसलाइनबाहेर

पश्चिमवारा
माझी जुनी टेनिस रॅकेट ८५ ची (हेड ८५ चौरस इंचाचं) होती, नवी १०० ची घेतली. तेव्हापासून फोरहँड मागच्या रेषेबाहेर जातोय, आणि बोटभर नाही, चांगला हातभर. बॅकहँड स्लाइस (कापून मारलेला फटका) हवेत तरंगत राहतो, समोरची जोडी आरामात पुढे येऊन मारते. सर्व्हिस तेवढी सुधारली आहे. दुकानदार म्हणतो, "हाताला बसेल, खेळत राहा." रॅकेट बदलून घ्यायची तर शनिवारपर्यंत मुदत. पुढच्या आठवड्यात इथे इंदुरात क्लबात दुहेरीची स्पर्धा. एवढंच सांगा, हा मोठ्या हेडचा गुण आहे का? असेल तर नवी परत करून जुनीच चालवावी का? कृपया "सराव करा" म्हणू नका. सराव रोज चालू आहे.

टॉपस्पिन
भाऊ, कोणत्या कंपनीची? वजन किती? गट (रॅकेटच्या तारा) कोणतं, किती पाउंडाला ताणलेलं? गटांची जाळी १६ बाय १९ की १८ बाय २० (उभ्या आणि आडव्या तारा)? यातलं काहीच न सांगता उत्तर कसं देणार?

एकेरी
कोर्ट हार्ड की मातीचं? आणि फोरहँड सपाट मारता की वर घासून?

पश्चिमवारा
भाऊ नाही, ताई. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये, मग धागा कंपनीवर घसरतो. नवी गटाशिवाय ३०० ग्रॅम, १६ बाय १९. जुनी गटासकट साडेतीनशेच्या आसपास. कोर्ट हार्ड. फोरहँड सपाट, पहिल्यापासून. गट दुकानातूनच लावून आलंय, किती पाउंड ते विचारलं नव्हतं.

रामबागवाला
ताई, तुम्ही २७० ग्रॅमवाली घ्या. आमच्या घरी बायकोला तीच घेऊन दिली, मस्त खेळून राहिली आहे. ३०० बायकांच्या हाताला जड होते. दमल्यावर हात मागे राहतो, मग चेंडू उडतो.

पश्चिमवारा
वजन हा प्रश्नच नाही. विद्यापीठाच्या संघात होते तेव्हापासून साडेतीनशे ग्रॅमचीच रॅकेट हातात आहे. उलट नवी हलकी लागते. फटका चेंडूच्या आधीच पुढे पोचतो.

तातूकाका
परत करा. सरळ परत करा. आम्ही लाकडी रॅकेटवर शिकलो, ६५ ते ७० चौरस इंचाचं हेड. पावसाळ्यात वाकू नये म्हणून चार स्क्रूच्या लाकडी चौकटीत दाबून ठेवायची. एवढ्याशा हेडनं मारायचं तर चेंडू मधोमधच लागायला हवा, नजर चेंडूवरून हलवून चालतच नसे. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१, लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले ते अशाच रॅकेटवर. १९६६ ला आपण डेव्हिस कपच्या अंतिम सामन्याला मेलबर्नला गेलो, तेही लाकडावरच. मोठं हेड आलं आणि पायांचा खेळ गेला. कडेला लागलेला चेंडूही पलीकडे जातो म्हटल्यावर धावायचं कुणी?

टॉपस्पिन
काका, सगळा मान राखून, हे पटत नाही. फेडरर ८५ वर वाढला, मग ९० वर गेला, आणि २०१४ पासून ९७ वर. २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन आणि त्याच वर्षीचं विम्बल्डन ९७ नं जिंकला. ९० वर असताना नदालचा उंच उसळणारा चेंडू बॅकहँडला फ्रेमवर लागायचा, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोठ्या हेडनं त्याचे पाय काही थांबले नाहीत.

तातूकाका
आणि सॅम्प्रस? चौदा ग्रँड स्लॅम, सगळी ८५ वर. २००२ ची शेवटची यू. एस. ओपनसुद्धा.

टॉपस्पिन
सॅम्प्रस त्या रॅकेटला शिशाच्या पट्ट्या लावून ती आणखी जड करायचा, आणि नॅचरल गट (जनावराच्या आतड्याचं) सत्तर पाउंडांच्या वर ताणायचा. तसं मनगट इंदुरात कोणाचं आहे?

एकेरी
ताईंचा प्रश्न सॅम्प्रसचा नाही, बाहेर जाणाऱ्या फोरहँडचा आहे.

हेडचा आकार हे अर्धंच कारण. ८५ वरून १०० म्हणजे गटांचं क्षेत्रफळ साधारण १८ टक्क्यांनी वाढलं. गट लांब झालं की तेवढ्याच पाउंडाला ते जास्त आत दबतं. गट दबलं तर चेंडू कमी चेपतो. चेपण्यात चेंडूची ताकद वाया जाते, गट मात्र घेतलेली बरीचशी परत देतं. म्हणून फटका लांब जातो. एवढा भाग हेडचा.

दुसरं कारण फ्रेम. जुन्या ८५ च्या फ्रेम पातळ असायच्या, सतरा-अठरा मिलिमीटरच्या. चेंडू लागला की फ्रेम मागे वाकायची आणि त्यात ताकद जायची. आजच्या बहुतेक १०० वाल्या तेवीस ते सव्वीस मिलिमीटर जाड असतात, त्या कमी वाकतात. तुमची सर्व्हिस सुधारली ती बहुधा यामुळेच.

तिसरं, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे गट, कुठलं आणि किती ताणलेलं. बाकी हेड रुंद असलं की चेंडू कडेला लागला तरी रॅकेट हातात कमी वळते. दुहेरीत व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) मारताना हा मोठा फायदा आहे, तो सोडू नका. आधी दोन्ही रॅकेटचे पाउंड शोधा, मग परत करायचं ठरवा.

चिंचगूळ
इंदूर उंचावर आहे हे कोणी बोललंच नाही! हवा विरळ असते, चेंडू लांब जातो. मुंबईहून येणारे सगळे हेच म्हणतात.

एकेरी
इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा उंचीवरचा वेगळा चेंडू १,२१९ मीटरच्या वर लागू होतो. थोडा फरक पडत असेलही, पण ताई जुन्या रॅकेटनंही इंदुरातच खेळत होत्या ना? तेव्हा चेंडू आत पडत होता.

पश्चिमवारा
दुकानात फोन केला. नवीला पॉलिएस्टर, ५० पाउंड. जुनीला सिंथेटिक गट, ५८.

सौ_पलासिया
पॉलिएस्टर काढून टाका! माझं कोपर त्यानंच गेलं. चहाचा कप उचलता येत नव्हता. जाड फ्रेम आणि वर कडक पॉली, सगळा धक्का हातात येतो. कोपराला आताच पट्टा बांधायला लागा, सकाळी गरम पाण्याचा शेक, आणि मनगटाचे व्यायाम. हवे असतील तर व्यायाम लिहून देते.

पश्चिमवारा
धन्यवाद, पण कोपर ठीक आहे. मला फोरहँडचं हवंय.

टॉपस्पिन
पॉली मुळीच काढू नका. १९९७ ला ब्राझीलचा कुएर्तेन पॉलीवर फ्रेंच ओपन जिंकला आणि त्यानंतर टेनिसच बदललं. पॉली घसरून जागेवर परत येतं, चेंडूला फिरकी देतं, फिरलेला चेंडू जाळीवरून उंच जाऊनही आत पडतो. १०० चं हेड आणि १६ बाय १९ ची जाळी त्यासाठीच बनवलीय. फटका बदला. रॅकेट चेंडूच्या खालून वर न्या, ग्रिप थोडी वळवा. दोन महिन्यांत नवीन फोरहँड.

पश्चिमवारा
स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. दोन महिने नाहीत. आणि माझा सपाट फोरहँड वीस वर्षं आत पडत आलाय, तो मोडायची माझी इच्छा नाही.

एकेरी
टॉपस्पिन, तुमचं म्हणणं तरुण मुलांना लागू आहे. सपाट मारणाऱ्याला पॉलीचा फायदाच मिळत नाही, कारण गट घसरवायला वर घासणारा फटका लागतो. शिवाय पॉलीचा ताण लवकर उतरतो. दुकानात लावून ठेवलेलं गट आज ५० वर आहे याची खात्री कोण देणार?

ताई, ८५ ला ५८ आणि १०० ला ५० म्हणजे मोठ्या हेडवर ढिलं गट. त्यात सपाट फटका. चेंडू उडणारच. त्या रॅकेटला मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंचं मऊ गट) लावून ५७-५८ पाउंडाला ताणा. मात्र फ्रेमवर छापलेली मर्यादा आधी बघा, त्यावर जाऊ नका.

पश्चिमवारा
हेच तर अडलंय. दुकानदार म्हणतो, गट कापलं की रॅकेट बदलून मिळणार नाही. म्हणजे कापलं आणि तरी चेंडू बाहेरच गेला, तर ही गळ्यात.

एकेरी
मग कापूच नका. क्लबात कोणाकडे तरी १०० ची, १६ बाय १९ वाली आणि साधारण ३०० ग्रॅमची रॅकेट असेल, मऊ गट लावलेली, पंचावन्नच्या वर. एक सकाळ मागून घ्या. फोरहँड आत पडला तर दोष गटाचा. तरीही बाहेर गेला तर परत करा आणि ९५ किंवा ९८ ची बघा. ९८ मध्ये ३०५ ग्रॅमच्या, १८ बाय २० च्या मिळतात. त्या तुमच्या जुनीच्या जास्त जवळच्या.

रामबागवाला
कोणत्या क्लबात खेळता ताई? आमच्या पोरालाही टाकायचं आहे, कोच शोधून राहिलो आहे. होळकरांच्या शहरात क्रिकेटचे कोच पायलीला पन्नास, टेनिसचा एक भेटत नाही.

तातूकाका
मुलगा किती वर्षांचा? दहाच्या आत असेल तर त्याला मोठी रॅकेट आणि पिवळा कडक चेंडू देऊ नका. लहान मुलांसाठी लाल, नारिंगी, हिरवे असे कमी उसळणारे चेंडू येतात, त्याच क्रमानं न्या. ताई, जुनी का नको ते मात्र तुम्ही सांगितलंच नाहीत. इतकी वर्षं हातात बसलेली रॅकेट कोणी सोडतं का?

पश्चिमवारा
काका, सोडायची नव्हती. गट ज्या भोकांतून जातं तिथली प्लास्टिकची पट्टी डोक्याच्या बाजूला तडकली आहे. गट फ्रेमच्या कडेवर घासतं आणि तिथेच तुटतं. त्या मॉडेलची पट्टी आता कुठेच मिळत नाही. ऐन सामन्यात गट तुटलं तर दुसरी रॅकेट नाही, म्हणून नवी घेतली.

एकेरी
हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलं असतंत तर "जुनीच चालवा" म्हणणारे तिथेच थांबले असते.

पश्चिमवारा
आज सकाळी मिश्र दुहेरीतल्या माझ्या जोडीदाराची रॅकेट घेऊन खेळले. १०० ची, १६ बाय १९, मल्टिफिलामेंट, ५७ पाउंड. फोरहँड आत! बेसलाइनच्या फूटभर आत, आणि जोर जुन्या रॅकेटपेक्षा जास्त. अंगावर आलेल्या चेंडूवर व्हॉली मारताना रॅकेट हातात वळली नाही, हे पहिल्यांदाच जाणवलं. म्हणजे नवी ठेवते. उद्या गट कापून ५७ ला लावून घेते. एकेरी, मनापासून आभार. पण स्लाइस अजून तरंगतोय, जोडीदाराच्या रॅकेटनंही.

टॉपस्पिन
ते हलक्या रॅकेटमुळे. जड रॅकेट स्लाइसमध्ये स्वतःच्या वजनानं चेंडूतून आरपार जाते, हलकी चेंडूवर थबकते. शिशाची पट्टी मिळते ती लावा, हेडच्या दोन्ही कडांना, घड्याळात तीन आणि नऊ असतात तिथे. दोन-दोन ग्रॅमनं सुरू करा. रॅकेट स्थिर होईल आणि वळणंही आणखी कमी होईल.

एकेरी
इथे मी टॉपस्पिनशी सहमत. फक्त हे स्पर्धेनंतर करा. एका आठवड्यात गट आणि वजन दोन्ही बदललं तर कशाचा काय परिणाम झाला ते कळणार नाही. तोवर स्लाइसला रॅकेटचं तोंड थोडं कमी उघडा आणि खाली कापण्यापेक्षा पुढे ढकला. या जाळीतून चेंडू जुनीपेक्षा वरच्या कोनात सुटतो, तेवढं तोंड मिटावं लागतं.

सौ_पलासिया
मल्टी लावताय हे वाचून बरं वाटलं. मनगटाचे व्यायाम तरी करा.

तातूकाका
ताई, जुनी टाकून देऊ नका. तडकलेल्या पट्टीला उपाय आहे. अख्खी पट्टी मिळत नसली तरी एकेका भोकात बसणाऱ्या प्लास्टिकच्या सुट्या नळ्या मिळतात. जुना गटिंगवाला तडकलेला भाग कापून तिथे नळी बसवतो, पुढची टोकं फ्रेमबरोबर तासतो आणि मग गट ताणतो. ८५ च्या पातळ फ्रेमलाही चालतं. दुसरी रॅकेट म्हणून बॅगेत राहील.

पश्चिमवारा
हे दुकानात कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या गटिंगला जाताना जुनीही घेऊन जाते. काका, नळी कोणत्या मापाची मागू?

तातूकाका
माप मागू नका, रॅकेटच पुढे ठेवा. भोकात घालून बघितल्याशिवाय चांगला गटिंगवाला नळी कापत नाही.