मदत हवी आहे: जिब्राल्टर ते लास पाल्मास (कॅनरी बेटं) डिलिव्हरी यॉटमास्टर ओशनच्या पात्रतेत बसेल का?

आरवायए (ब्रिटनची नौकानयन संस्था) यॉटमास्टर ओशन या प्रमाणपत्रासाठी मेट (कप्तानाचा सहायक) म्हणून 40 फुटी यॉटची डिलिव्हरी, म्हणजे बोट दुसऱ्या बंदरात पोचवायचं काम, मिळतेय. अट अशी: न थांबता किमान 600 सागरी मैल, सलग 96 तास, आणि त्यातले 200 मैल जमिनीपासून 50 मैलांपलीकडे.

एकूण अंतर साधारण 700 मैल, म्हणजे ते पुरेसं आहे. अडचण तिसऱ्या अटीची. सरळ रेषा धरली तर केप कँटिनपर्यंत मोरोक्कोचा किनारा 50 मैलांच्या आतच राहतो, पुढे कॅनरीतलं लान्झारोटे बेट जवळ येतं. मधले मैल जेमतेम 200 भरतात. केप स्पार्टेलनंतर (जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर) पश्चिमेला किती सरकावं? फार सरकलं तर वारा पडल्यावर डिझेल कमी पडेल: टाकी 200 लिटर, तासाला 3 लिटर, एक तृतीयांश राखीव, म्हणजे इंजिनावर 44 तास, साडेपाच नॉटने (तासाला साडेपाच सागरी मैल) 240 मैल. डिझेलसाठी बंदरात शिरलो की 'न थांबता' गेलं! उलट ईशान्य वारा जोरात मिळून सरासरी साडेसात नॉट पडली, तर 96 तासच भरत नाहीत.

दुसरं, सूर्य-रन-सूर्य, म्हणजे सेक्स्टंटने सूर्याची उंची दोन वेळा मोजून आणि मधे कापलेलं अंतर धरून स्थान काढणं. डोळ्याची उंची 2.5 मीटर, डिप (डोळा उंचावर असल्याने क्षितिज खाली दिसतं, त्याची दुरुस्ती) 2.8 कोनीय मिनिटं. लाटांत खरं क्षितिज दिसत नाही, समोरच्या लाटेचा माथा दिसतो. सकाळची निरीक्षणं किती घेऊन आलेखावर सरासरी काढता? होकायंत्र तपासायला मावळत्या सूर्याचं दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) परीक्षकाला पुरतं का?