तारांकित प्रश्नाचा मसुदा: उखडलेल्या रस्त्याच्या खर्चाबद्दल नेमके काय विचारावे?

गावठाण:
नमस्कार मंडळी. प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) दर्जाचा ११ किमीचा रस्ता आहे. त्यातल्या ४ किमीचे डांबरीकरण मार्चअखेरीस झाले आणि जुलै संपायच्या आत खडी वर आली. आमदारांच्या कार्यालयाने हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्नाचा (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) मसुदा मागितला आहे. आम्ही असा केला आहे:

"तालुक्यातील अनेक रस्त्यांची दुरवस्था झाली असून कोट्यवधी रुपये खर्च करूनही अधिकारी व ठेकेदार यांच्या संगनमताने निकृष्ट काम झाल्यामुळे रस्ते उखडले आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, शासन कोणती कारवाई करणार आहे?"

एवढे पुरेल का? याच रस्त्यामुळे एसटीच्या दोन फेऱ्या बंद आहेत, तेही यातच घालावे का? आणि हा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्गाला मिळतो, तिथला जोडही खचला आहे.

सभागृहाबाहेरचा:
हा मसुदा असाच गेला तर उत्तर येईल ते असे: "(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही."

कारण सांगतो. तुमच्या एका वाक्यात चार दावे आहेत: अनेक रस्ते, कोट्यवधींचा खर्च, निकृष्ट काम आणि संगनमत. उत्तर तयार करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला त्यातला एक दावा नाकारता आला की सगळे वाक्य नाकारता येते. संगनमत कुठल्याही चौकशीत सिद्ध झालेले नाही, म्हणून (१) खरे नाही. आणि (२) "असल्यास" ने सुरू होतो, म्हणून तोही गेला. शिवाय आरोप, तर्क किंवा मतप्रदर्शन असलेला प्रश्न स्वीकृतीच्या टप्प्यावरच अडतो किंवा विधानमंडळ सचिवालय त्यातले शब्द काढून टाकते.

एका पोटप्रश्नात एकच वस्तुस्थिती ठेवा, आणि तीही त्यांच्याच कागदावर असलेली. साचा ठरलेला आहे, तो मोडू नका:

"सन्माननीय सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम वगळून) मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-
(१) (तालुका, जिल्हा) येथील प्रजिमा क्र. … कि.मी. ६/०० ते १०/०० या लांबीचे डांबरीकरण माहे मार्चमध्ये पूर्ण झाल्याची नोंद आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, उक्त लांबीतील पृष्ठभाग माहे जुलैमध्ये उखडल्याबाबत ग्रामपंचायतीने कार्यकारी अभियंता यांना दिनांक … रोजी लेखी कळविले आहे, हे खरे आहे काय,
(३) उक्त कामाची प्रशासकीय मान्यतेची रक्कम, स्वीकृत निविदेची रक्कम व आजपर्यंत अदा केलेली रक्कम किती आहे,
(४) उक्त कामाचा दोषदायित्व कालावधी कोणत्या दिनांकास संपतो व त्या कालावधीत कंत्राटदाराकडून दुरुस्ती करून घेण्यात आली आहे काय,
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

(३) आणि (४) मी मुद्दाम "असल्यास" शिवाय ठेवले आहेत. (१) नाकारला तरी त्यांना स्वतंत्र उत्तर द्यावे लागते. (४) मधला दोषदायित्व कालावधी म्हणजे काम झाल्यावर त्यातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ.

(३) मधल्या तिन्ही रकमा वेगवेगळ्याच मागा. नुसते "खर्च किती" विचारले की बऱ्याचदा मान्यतेचा आकडा मिळतो, आणि तो खर्च नसतो.

मंत्री कोण, हेही तपासा. बांधकाम खात्याचे दोन भाग आहेत. "सार्वजनिक उपक्रम वगळून" म्हणजे नेहमीचे राज्यमार्ग आणि प्रजिमा. "सार्वजनिक उपक्रम" म्हणजे रस्ते विकास महामंडळाची कामे. इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणून तो प्रश्न ग्रामविकासकडे जातो. मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचेही तसेच. नगरपालिका हद्दीतला तुकडा असेल तर नगरविकास. चुकीच्या खात्याकडे गेलेला प्रश्न वर्ग होत फिरतो, आणि तेवढ्यात त्या खात्याचा प्रश्नोत्तरांचा दिवस निघून जातो.

साखळी_क्रमांक:
वरचा मसुदा चांगला आहे, पण रस्ता का उखडला हे त्यातून कधीच बाहेर येणार नाही. "अतिवृष्टीमुळे पृष्ठभाग खराब झाला" असे उत्तर येईल आणि विषय संपेल. म्हणून थरांच्या तारखा मागा.

मार्चअखेरीच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. आधी बी.एम.चा (बिटुमिनस मॅकॅडम) ५० मिमीचा थर टाकला जातो. हा थर सच्छिद्र असतो, पाणी आत जाते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांप्रमाणे त्यावर पुढचा थर ४८ तासांत पडला पाहिजे. प्रत्यक्षात बी.एम. टाकून त्याचे देयक निघते आणि वरचा कार्पेट (वाहतुकीचा थर) व सीलकोट (पाणी रोखणारा लेप) राहून जातो किंवा पावसाच्या तोंडावर घाईने उरकला जातो. उघड्या बी.एम.मध्ये पाणी मुरले की डांबर खडी सोडते आणि वाहतुकीने ती सुटून कडेला जमते. तुम्ही "खडी वर आली" म्हणता, ते वर्णन याच प्रकाराशी जुळते. जिथे डांबराचे अख्खे पापुद्रे निघतात तिथे कारण वेगळे: खालचा पृष्ठभाग नीट झाडला नव्हता किंवा टॅककोट (थर चिकटवणारा डांबराचा फवारा) कमी पडला. जागेवर जाऊन नुसते इतके बघा की सुटी खडी आहे की पापुद्रे. फोटो काढताना शेजारचा किलोमीटरचा दगड चौकटीत घ्या.

म्हणून एक पोटप्रश्न असा घाला: "मोजमाप पुस्तिकेतील नोंदीनुसार बी.एम. व त्यावरील थर कोणत्या दिनांकांस टाकण्यात आले, व गुणनियंत्रण चाचण्यांत डांबराचे प्रमाण व थराची जाडी किती आढळली." तारखा एम.बी.मध्ये, म्हणजे याच मोजमाप पुस्तिकेत असतात. दोन थरांत तीन आठवड्यांचे अंतर निघाले तर अतिवृष्टीचे कारण टिकणार नाही.

दुसरे, साइडपट्ट्या आणि गटार अंदाजपत्रकात होते का ते विचारा. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच राहिली की पाणी डांबरावरच थांबते. मग वरचे काम कितीही चोख असो, दोन पावसाळ्यांत कडा तुटतात. हे बहुतेक वेळा अंदाजपत्रकातूनच गळलेले असते आणि तिथे कंत्राटदाराचा दोष नसतो. तुमचा प्रश्न नुसता ठेकेदाराच्या मागे लागला तर हा मुद्दा निसटेल.

दोषदायित्वाचा कालावधी काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात, कार्यारंभ आदेशापासून नाही. निव्वळ खड्डे भरणे, नूतनीकरण आणि मजबुतीकरणासह सुधारणा यांचे कालावधी वेगवेगळे असतात. तो आकडा निविदेच्या कागदांतच मिळेल.

गावठाण:
खूप आभार. बाब क्रमांक (अर्थसंकल्पातला कामाचा क्रमांक), मान्यतेची रक्कम वगैरे आमच्याकडे नाही. ते प्रश्न टाकण्याआधी मिळवायचे कसे?

सभागृहाबाहेरचा:
आधी पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून) आला ते पाहा. ३०५४ म्हणजे रस्ते व पुलांची देखभाल-दुरुस्ती, महसुली खर्च. ५०५४ म्हणजे भांडवली कामे. बांधकाम खात्याच्या व्हाइट बुकात (कामांच्या अर्थसंकल्पीय यादीत) भांडवली कामे रस्त्याच्या नावासह येतात. तुमचा रस्ता तिथे सापडला तर बाब क्रमांक मिळाला. पुरवणी मागण्यांच्या पुस्तकातही शोधा, कारण बरीच कामे तिथून शिरतात. निधी प्रत्यक्षात किती सुटला हे बीम्स या राज्याच्या निधीवाटप प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय दिसते. निविदेची सूचना राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर मिळते.

उरलेल्यासाठी माहिती अधिकार. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांपर्यंत, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कार्यारंभ आदेश, काम पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटच्या देयकाची प्रत एवढेच मागा. "सर्व कागदपत्रे" लिहू नका, त्या दोन शब्दांवर अर्ज महिनाभर लोंबतो. हे आजच करा, कारण तारांकित प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात आणि नागपूरचे अधिवेशन डिसेंबरात असते.

एक अपेक्षा मनाशी स्पष्ट ठेवा. प्रश्नोत्तरांचा तास एकच असतो आणि छापील यादीतले मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष सभागृहात येतात. सारख्या विषयाचे प्रश्न एकत्रही केले जातात. तुमचा प्रश्न पुकारला गेला नाही तरी लेखी उत्तर छापले जाते, आणि पुढे कामाला येतो तो हाच कागद. पुकारला गेलाच तर आमदारांच्या हातात तीन उपप्रश्नांचे (उत्तरानंतर तोंडी विचारायच्या प्रश्नांचे) अर्धे पान द्या. त्याहून मोठे टिपण सभागृहात वाचायला वेळ मिळत नाही.

लक्षवेधी सुचवणारे भेटतील. नियम १०५ ची लक्षवेधी जोरदार असते, मंत्र्यांना निवेदन करावे लागते. पण ती तातडीच्या विषयासाठी आणि निवड अध्यक्षांच्या हातात. चार किलोमीटरसाठी ती लागणे कठीण. थरांच्या तारखा, चाचण्यांचे आकडे असला तपशील तारांकित किंवा अतारांकितमधूनच (ज्याचे उत्तर फक्त लेखी मिळते) नीट निघतो.

आगार_क्र_दोन:
एसटीचा विषय यात अजिबात घालू नका. तो परिवहन मंत्र्यांचा प्रश्न आहे, वेगळा टाका.

तिथेही "बससेवा विस्कळीत झाली आहे, हे खरे आहे काय" लिहू नका. आगाराकडे प्रत्येक फेरीची नोंद असते. विचारायचे ते असे: उक्त मार्गावर मंजूर फेऱ्या किती, माहे जून ते सप्टेंबर रद्द फेऱ्या व रद्द किलोमीटर किती, आणि रद्द होण्याची कारणे प्रवर्गनिहाय काय: रस्ता खराब, गाडी उपलब्ध नाही, चालक किंवा वाहक उपलब्ध नाही. हे कारण महत्त्वाचे आहे. "रस्ता खराब" असे एसटीने लेखी दिले तर तेच उत्तर बांधकामच्या प्रश्नाला पुरावा म्हणून जोडता येते. "गाडी नाही" असे आले तर रस्ता दुरुस्त होऊनही बस येणार नाही, आणि तुमची मागणी वेगळी असायला हवी.

भारमान (गाडीतल्या आसनांपैकी भरलेल्यांचे प्रमाण) कमी म्हणून फेरी बंद केली असे उत्तर आले तर कोणत्या महिन्यांचे भारमान धरले ते उपप्रश्नात विचारा. शाळेच्या सुट्टीतले मे महिन्याचे आकडे धरून विद्यार्थ्यांची फेरी बंद करणे चुकीचे आहे, आणि ते ठामपणे मांडायला हवे. सवलतींचाही तपशील घ्या. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास आहे, त्याची प्रतिपूर्ती शासन महामंडळाला देते. उत्पन्न कमी दाखवताना ही रक्कम धरली होती की नाही, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडते.

साखळी_क्रमांक:
महामार्गाच्या जोडाचे राहिले. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, पण काम कोण करते ते आधी पाहा. मुंबई–गोवा महामार्गाचेच घ्या: पनवेल ते इंदापूर (रायगड जिल्हा) हा भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरच्या पुढचा राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. रस्ता एकच, पण उत्तर देणारे दोन. तुमचा जोड प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर खासदारांकडून लोकसभेत प्रश्न टाकून घ्या. तिथे किमान १५ दिवसांची सूचना लागते आणि दिवसाला २० तारांकित, २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. अतारांकितच टाका, लेखी उत्तराची शक्यता कितीतरी जास्त.

सभागृहाबाहेरचा:
उत्तर आल्यावर एक काम विसरू नका. "चौकशी करण्यात येईल", "दुरुस्ती करून घेण्यात येईल" असे वाक्य सभागृहात आले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकते, आणि त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. "कार्यवाही सुरू आहे" यात मात्र धरायला काही नसते. म्हणून उपप्रश्न नेहमी तारखेचा ठेवा: दुरुस्ती कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण होईल? त्या दिवसाचे कार्यवृत्त काढून ते पान जपून ठेवा. आमदारांनी पाठपुरावा सोडला तर विनंती अर्ज समितीकडे अर्ज करण्याचा मार्ग आहे, तेव्हा हे पान जोडावे लागेल.

गावठाण:
नवा मसुदा तयार आहे. पहिला पोटप्रश्न: "प्रजिमा कि.मी. ६ ते १० चे डांबरीकरण व लगतच्या मोरीचे काम माहे मार्चमध्ये पूर्ण झाले, हे खरे आहे काय". बाकी वरच्याप्रमाणे, एसटी वेगळी. चालेल?

साखळी_क्रमांक:
मोरी (रस्त्याखालून पाणी नेणारे बांधकाम) त्या वाक्यातून काढा. तिचे काम एप्रिलमध्ये संपले असेल तर तेवढ्यावर अख्खा (१) नाकारतील. तिच्यासाठी स्वतंत्र क्रमांक द्या. आणि "६ ते १०" नको, "६/०० ते १०/००" (किलोमीटर/मीटर) लिहा. कार्यारंभ आदेशात ६/२०० ते १०/१५० असेल तर तसेच उतरवा.