युद्धाबद्दल सरकारला ‘जाब विचारणे’ की ‘शंका घेणे’?

रानजाई: इराक युद्धावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. १८ मार्च २००३ला ब्रिटिश संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाच्या बाजूने कौल दिला. आदल्याच दिवशी ब्रिटिश मंत्री रॉबिन कुक युद्धाला विरोध म्हणून मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. लेखाचा गाभा असा की सरकारवर विश्वास असला तरी युद्धाबद्दल विचारणं हे नागरिकाचं कामच आहे. मी ‘जाब विचारणे’ लिहिलं. मुद्रितशोधकांनी खोडून ‘शंका घेणे’ केलं. म्हणाले, जाब गुन्हेगाराला विचारतात. मला तर उलट वाटतं. शंका घेतली की विश्वास उरतो कुठे?

जुनी वही: बरोबर. शंका घेतात ती चारित्र्यावर. विद्यार्थी मास्तरांना शंका विचारतो. आणि ‘शंका काढणे’ ही नुसती खोड. क्रियापद बदललं की नातं बदलतं. ‘शंका विचारणे’ करा.

रानजाई: पण मतदार काही सरकारचा विद्यार्थी नाही ना!

गोदाकाठ: जाब म्हणजे जवाब, बस्स. पेशवाईतल्या पत्रांत ‘जाबसाल’ म्हणजे बोलणी, वाटाघाटी. त्यात आरोप नाही.

शुद्धमती: परका शब्द कशाला? ‘पृच्छा’ आहे की आपला.

गोदाकाठ: मग ‘सरकार’ आणि ‘शिपाई’ही काढा, तेही फारसीतूनच आलेत. पृच्छेत धग नाही हो. जिचा मुलगा सीमेवर आहे ती आई पृच्छा करत नाही.

सातारकर: ‘हटकणे’ कुणालाच कसं आठवलं नाही? बावीस वर्षं फौजेत काढली. रात्रीच्या पहाऱ्यावरचा संत्री येईल त्याला हटकतो. साहेबांचा आवाज ओळखीचा असला तरी परवलीचा शब्द घेतल्याशिवाय सोडत नाही. त्यात अविश्वास नाही, ड्यूटी आहे. हटकलं नाही तर साहेब रागावतात. कारगिल २६ जुलै १९९९ला संपलं, २९ला त्याचा आढावा घ्यायला सुब्रह्मण्यम समिती नेमली. जिंकल्यावरही विचारलंच ना?

रानजाई: काका, काटा आला अंगावर. इराकच्या वेळी वेशीवरच हटकायला हवं होतं. ज्यांच्या नावाने युद्ध केलं ती संहारक अस्त्रं सापडलीच नाहीत आणि ब्रिटनच्या युद्धातल्या सहभागाची चौकशी करणारा चिलकॉट अहवाल यायला २०१६ उजाडलं. पण ‘सरकारला हटकणे’ छापील मजकुरात चालेल?

शुद्धमती: नाही चालणार. हटकणे म्हणजे दटावणे, आमच्याकडे मुलांना हटकतात. शिवाय लढाई चालू असताना देश एक असतो. १९६२ला ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ म्हणून आपण अजून अभिमानाने सांगतो. तेव्हा कोणी जाब विचारत बसलं होतं?

गोदाकाठ: विचारला होता! सह्याद्री धावला तो का? कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं म्हणून यशवंतराव दिल्लीला गेले. ८ नोव्हेंबरला संसद बसली तेव्हा लढाई थांबलेली नव्हती. ऑगस्ट १९६३मध्ये विरोधी बाकांवरच्या कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. ३४७ विरुद्ध ६२ मतांनी तो पडला, पण सरकारला उभं राहून उत्तर द्यावं लागलं.

जुनी वही: आमच्या आजीने त्या वर्षी संरक्षण निधीला पाटल्या दिल्या. पुढे ती म्हणायची, ‘भरवशावर दिल्यात, आता काय झालं ते सांगा.’ ‘विश्वास’ हा शब्द तिच्या तोंडी देवापुरता. मला वाटतं यात मेख आहे. विश्वास आपण ठेवायचा, भरवसा समोरच्याने द्यायचा. रानजाई, तुमचा अडला शब्द कदाचित ‘जाब’ किंवा ‘शंका’ नाही, ‘विश्वास’च आहे.

शुद्धमती: ‘त्यांनी जनतेला विश्वास दिला’ असं रोज वाचतो की.

जुनी वही: वर्तमानपत्रात. घरात कोण बोलतं तसं?

सातारकर: ते राहू द्या. हटकणे म्हणजे दटावणे, हे कुठल्या भागात? आमच्या कोरेगावकडे अनोळखी माणूस वेशीत दिसला की हटकतात, ‘कुठलं पाव्हणं?’ म्हणून. मग चहाही पाजतात.